एक काचतंतू, बत्तीस घरे

घरी फायबरचे इंटरनेट घेताना माणूस एकच आकडा पाहतो : सेकंदाला १०० मेगाबिट. पावती खिशात पडली की आपली समजूत होते, केंद्रापासून आपल्या उंबऱ्यापर्यंत खास आपल्यासाठी तार आली. तशी ती बहुधा आलेली नसते, बरं का! केंद्रातून निघालेला केसाएवढा काचतंतू वाटेत एका डबीत शिरतो. तिला स्प्लिटर म्हणतात. तिला वीज लागत नाही. आलेल्या प्रकाशाचे ती ३२, कुठे ६४ वाटे करते, एवढेच. या पद्धतीचे नाव ‘जीपॉन’. भारतनेट योजनेत अनेक ग्रामपंचायती जोडल्या, त्याही हिनेच. हिच्यात केंद्राकडून सेकंदाला सुमारे २,४८८ मेगाबिट येतात, उलट दिशेने त्याच्या निम्मे जातात. आता ३२ घरांना १०० प्रमाणे हिशेब करा. ३,२०० झाले!

तुम्ही म्हणाल, ही तर फसवणूक. अगदी तसे नाही. बत्तीसही घरे एकाच क्षणी पूर्ण वेगाने मागणी करतात असे क्वचितच घडते.

केंद्राकडून येणारा प्रकाश सर्व घरांत सारखाच पोचतो. शेजाऱ्याचा मजकूरही तुमच्या पेटीपर्यंत येतो. पेटी आपला तेवढा उचलते. म्हणून तर त्याला सांकेतिक कुलूप घालण्याची सोय आहे.

खरी गंमत उलट दिशेला आहे. बत्तीस पेट्यांनी एकदम प्रकाश सोडला तर केंद्राला काहीच उमगणार नाही. आणि या पेट्यांना एकमेकींचे ऐकूही येत नाही, म्हणजे ‘तो थांबला की मी बोलतो’ ही सोय नाही. तेव्हा पाटाच्या पाण्याला जसा पाटकरी, तसे इथे केंद्र. कोणी केव्हा आणि किती वेळ बोलायचे हे तेच ठरवते. पाळ्यांचा एक फेरा सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाचा, म्हणजे १२५ मायक्रोसेकंदांचा. काचेतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला ५ मायक्रोसेकंद लागतात, वीस किलोमीटरला १००. म्हणून केंद्र आधी प्रत्येक पेटीला हाक मारून उत्तर यायला लागलेला वेळ मोजते आणि जवळच्या पेटीला ‘तू जरा थांबून बोल’ असे बजावते.

पाटकऱ्याहून केंद्र एका बाबतीत चतुर आहे. कोणाकडे किती माल पाठवायचा साठला आहे, हे पेट्या त्याला कळवीत राहतात. ज्याची रांग मोठी त्याला लांब पाळी. गप्प बसलेल्याची उरलेली पाळी दुसऱ्याला. ठरवून दिलेला किमान वाटा मात्र ज्याचा त्याला. आपण जोडणी घेताना जाहिरातीतला मोठा आकडा विचारतो. विचारावा तो हा किमान वाटा, आणि डबीवर घरे किती तेही. रात्री नऊला चित्र अडखळू लागले, तर दोष तुमच्या पेटीचा की पाळीचा, हे त्यावरून थोडे उमजते.

कधी एखादी पेटी बिघडून पाळी नसतानाही उजेड सोडत राहते. मग तिच्यापायी सगळ्या गल्लीचे पाठवणे बंद पडते. केंद्र तिला गप्प राहण्याचा हुकूम देऊ शकते. तिने तो मानला नाही, तर कामगाराला डबीपाशी जाऊन एकेक तंतू काढून पाहावा लागतो.