हिरवं दिसतं म्हणून पाणी निरोगी नसतं

गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथे नांदूर मधमेश्वरला ब्रिटिश काळात दगडी बंधारा झाला. त्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं वर आली. जानेवारी २०२० मध्ये ही पाणथळ जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. लोक येतात पक्षी पाहायला. पक्षी ज्यांवर जगतात त्या पाणवनस्पतींविषयी मात्र भलतेच समज ऐकू येतात.

‘जलपर्णी पाणी शुद्ध करते, राहू द्या.’ हे अर्धंच खरं आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातलं आणि शेतातून वाहून आलेलं नत्र-स्फुरद भराभर शोषते. एक रोप उचलून बघा: देठ स्पंजासारखे फुगलेले, खाली पिसासारखी काळपट मुळं, आणि आडव्या धुमाऱ्याच्या टोकाला तयार पिल्लू. भरपूर अन्न मिळालं तर दोनेक आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. पण शोषलेलं सगळं रोपातच राहतं. ते जागेवर कुजलं की नत्र-स्फुरद परत पाण्यात येतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायूही संपतो. उपसून काठावरच ढीग लावला, तर पहिल्या पावसात त्याचा अर्क पुन्हा आत. म्हणून जलपर्णी काढायची तर लांब वाहून न्यायला हवी.

‘पाण्यातलं शेवाळ म्हणजे घाण.’ आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो, त्यात हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया अशा मुळं धरणाऱ्या सपुष्प वनस्पतीही असतात. भर दुपारी हायड्रिलाच्या पानांवर बारीक बुडबुडे दिसतात, तो प्राणवायू. या वनस्पती तळाचा गाळ धरून ठेवतात, म्हणून पाणी नितळ राहतं. खतं आणि मैला वाढला की सूक्ष्म शैवाल माजतं, पाणी हिरवट गढूळ होतं, तळाला उजेड पोचत नाही आणि ही झाडं मरतात. मग गाळ मोकळा होऊन गढूळपणा आणखी वाढतो. एकदा हे चक्र फिरलं की प्रदूषण थोडं कमी करून भागत नाही. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

पुरानं नुसती नासाडी होते, हाही गैरसमजच. पूर तुंबलेलं पाणी हलवतो, बिया आणतो, जलपर्णीची चटई फोडतो. ती खालच्या गावाकडे जाते, हेही खरं. पुराइतकंच पाणी ओसरणंही गरजेचं: उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या चिखलात कितीतरी बिया रुजतात. बारमाही एकाच पातळीला तुडुंब पाणी ठेवलं, तर त्यांना ही संधीच मिळत नाही.

‘पोकलेन लावा, सगळा गाळ काढा,’ ही मागणी धरणात ठीक. पाणथळीत लव्हाळे, पाणकणीस यांना घोट्यापासून कमरेपर्यंतचं पाणी आणि उताराचा काठ लागतो. पाणकणसाच्या देठातून हवा मुळांपर्यंत उतरते. मुळांलगतचे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात आणि जवळच्याच, प्राणवायू नसलेल्या चिखलातले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडतात. काठ सरळ कापला की हे काम करणारी जागाच ट्रॉलीत भरून जाते.