कैसराकडे दाद

दर रविवारी उपासनेनंतर मी नववी-दहावीच्या मुलांना बायबल घेऊन नागरिकशास्त्र शिकवते. परवा एकीने विचारलं, "काकू, रोमकरांस पत्रात अधिकाऱ्यांचं ऐकायला सांगितलंय. मग नळाला पाणी नाही, तर नगरपालिकेत तक्रार करायची नाही?" बिनतोड प्रश्न! मी 'प्रेषितांची कृत्ये' उघडायला लावलं. ते पत्र लिहिणाऱ्या पौलानेच फटक्यांच्या वेळी शताधिपतीला आपलं रोमी नागरिकत्व सुनावलं, पुढे थेट कैसराकडे दाद मागितली.

एक पालक कुरकुरले, "आपण मूठभर, कशाला पुढे व्हायचं?" अहो, घटना समितीच्या उपाध्यक्षपदी १९४७ साली निवडले गेलेले हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्तीच होते ना! अर्ज मुलांनीच लिहिला. पोच घ्यायला मात्र मी बजावलं.