गाडी पेट्रोल जास्त खातेय? आधी ऑक्सिजन सेन्सर तपासा

ताईंनो, गटाचा माल बाजारात न्यायला जुना पेट्रोल टेम्पो असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. पेट्रोलचा खर्च वाढला की बैठकीत पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. पण माणसाला बोल लावण्याआधी गाडी तपासा.

समजा, टेम्पो लिटरला १५ किलोमीटर जायचा, आता १२ जातो. महिन्याला १५०० किलोमीटर फिरला, तर १०० ऐवजी १२५ लिटर पेट्रोल लागतं. २५ लिटर फुकट गेलं!

सेन्सर काय करतो?
चुलीत जळण जास्त आणि हवा कमी झाली की धूर होतो. इंजिनाचंही तसंच. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला हा सेन्सर जळलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते बघतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्यावरून पेट्रोल कमी-जास्त होतं. लाख-दीड लाख किलोमीटरनंतर काजळीने, उष्णतेने सेन्सर मंदावतो. मग पेट्रोल जास्त सुटू शकतं.

खुणा
- मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहणं
- मायलेज घटणं, धुराला पेट्रोलचा वास
- पीयूसीत गाडी नापास होणं

लगेच बदलू नका
गॅरेजमध्ये स्कॅनर लावून बघायला सांगा. एअर फिल्टर तुंबला, प्लग खराब झाला, वायर तुटली किंवा सायलेन्सरचा पाइप फुटला, तरी अशाच खुणा दिसतात. ही कामं स्वस्तात होतात. सेन्सर दोन असतील, तर कोणता बिघडलाय ते विचारा. इंजिनाजवळचा सेन्सर पेट्रोल ठरवतो. मागचा मुख्यतः धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरवर लक्ष ठेवतो.

बदलताना
सायलेन्सर तापलेला असताना हात लावू नका. गंजलेल्या आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून मगच पाना लावायचा, नाहीतर आटे जातात. नव्या सेन्सरच्या टोकाला ग्रीस किंवा तेल लागू देऊ नका. गाडीच्या मॉडेलचाच सेन्सर घ्या. पक्कं बिल आणि जुना सेन्सर दोन्ही मागून घ्या.

दुरुस्ती लांबवली तर न जळलेल्या पेट्रोलने कन्व्हर्टर जळतो, आणि तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असतो.

जुन्या डिझेल गाड्यांत बहुधा हा सेन्सर नसतोच. तिथे कुणी बदलायला सांगितला तर आधी दाखवायला सांगा.

प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना लिटर आणि किलोमीटर वहीत लिहा. वही नीट असेल तर बिघाड लवकर कळतो, आणि गटात कुणावर विनाकारण बोट उठत नाही.