इंग्रजी व्यंजने आणि मराठी कान

इंग्रजी बोलताना मराठी माणसाच्या मुखात ज्या दोन ध्वनींची गल्लत सर्वांत अधिक आणि सर्वांत नकळत होते, ते 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' या दोन शब्दांच्या आरंभी आहेत. पहिला शब्द अंगात घालावयाच्या बंडीचा वाचक आहे, दुसरा पश्चिम दिशेचा. पहिल्याच्या आरंभीचा ध्वनी काढताना खालच्या ओठाची आतली कड वरच्या दातांना हलकीच टेकते आणि त्या अरुंद फटीतून श्वास घासत, नादासह, बाहेर पडतो. दुसऱ्याच्या वेळी दातांचा काहीएक संबंध येत नाही, दोन्ही ओठ वर्तुळाकार आवळले जातात आणि त्याच क्षणी जिभेचा मागचा भाग मृदुतालूकडे उचलला जातो. आपला 'व' या दोहोंपैकी एकही नव्हे. तो उच्चारताना खालचा ओठ दातांच्या समीप जातो खरा, परंतु घर्षण उत्पन्न व्हावे इतका समीप जात नाही, आणि ओठांचे वर्तुळही पुरते होत नाही. तो या दोन इंग्रजी ध्वनींच्या मधल्या प्रदेशात नांदतो, आणि म्हणूनच लंडनच्या श्रोत्याला आपल्या तोंडून कधी एकाच्या जागी दुसरा तर कधी दुसऱ्याच्या जागी पहिला ऐकू येतो.

या दोन ध्वनींत भेद आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वसूरींच्या ध्यानी आलीच नव्हती असे मात्र नाही. व्हिक्टोरिया, व्हाइसरॉय, व्हरांडा हे शब्द 'व्ह' ने लिहिण्याची वहिवाट ज्या कोणी पाडली, त्यांच्या कानाने इंग्रजी घर्षण टिपले होते, आणि त्या घर्षणाला जवळचे असे जे काही मराठीच्या पदरी होते, म्हणजे 'व्हावे' या क्रियापदातला महाप्राण 'व्ह', त्याच्या खाती त्यांनी ते जमा केले. ही तजवीज बुद्धिमत्तेची होती. परंतु तीत दोन उणिवा राहिल्या. पहिली अशी की, आपल्या 'व्ह' मधला फुत्कार कंठातून येतो आणि इंग्रजी ध्वनीतले घर्षण ओठ-दातांच्या फटीत होते, त्यामुळे लेखनात भेद राखला गेला तरी उच्चारात दात मोकळेच राहिले. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. इंग्रजीत ज्या शब्दांच्या आरंभी 'डब्ल्यू' च्या पाठोपाठ 'एच' लिहितात, तेही आपण 'व्ह' नेच लिहू लागलो. स्कॉटलंड आणि आयर्लंड येथील पुष्कळ लोकांच्या उच्चारात तो ह-कार अद्याप टिकून आहे, दक्षिण इंग्लंडात तो केव्हाच लोपला. मराठीत मात्र चाकाचा वाचक शब्दही 'व्हील' आणि वासराच्या मांसाचा वाचक शब्दही 'व्हील' असाच लिहावा लागतो. एका हाताने जो भेद लिपीत आणला, तो दुसऱ्या हाताने पुसला गेला, आणि डोळ्यांनी इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तो पुन्हा कधी दिसलाच नाही.

हा सारा दोष जिभेच्या जडत्वावर टाकण्याचा प्रघात आहे, आणि तो चुकीचा आहे. ओठ दाताला टेकविण्यात अवघड असे काहीच नाही; दोन वर्षांचे मूलही ते करील. अडचण त्याच्या अलीकडे, कानात आहे. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचा दाखला येथे विशेष उद्बोधक ठरतो, कारण त्यांनी परीक्षेसाठी निवडलेला एक भेद आपल्या घरचाच होता: हिंदीतील दन्त्य 'त' आणि मूर्धन्य 'ट'. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बालकांना एकच अक्षर पुनःपुन्हा ऐकवावयाचे, मध्येच ते बदलावयाचे, आणि बदल ओळखून बालकाने मान वळविली की त्याला एक हलते खेळणे दाखवावयाचे, अशी ती पद्धत होती. सहा ते आठ महिन्यांच्या बालकांपैकी बहुतेकांना 'त' आणि 'ट' यांतील फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बालकांपैकी फार थोड्यांना कळला. हिंदी बोलणाऱ्या घरांतील बालकांनी मात्र पहिल्या वर्षाच्या अखेरीसही तो अचूक ओळखला. म्हणजे मनुष्याचे मूल जन्मतः जगातील अनेक भाषांतले ध्वनिभेद ऐकण्यास सिद्ध असते, आणि ज्या भेदांचा त्याच्या घरी उपयोग नाही, त्यांकडे ते वर्ष पुरे होण्यापूर्वीच दुर्लक्ष करू लागते. इंग्रज बालकाने जसे आपले 'त' आणि 'ट' गमावले, तसेच मराठी बालक ओठांचे वर्तुळ आणि दातांचे घर्षण यांतील भेद गमावून बसते; आणि हे गमावणे दोष नसून मातृभाषा शिकण्याचीच एक पायरी आहे.

व्हिएन्ना येथे अध्यापन करणारे रशियन भाषाशास्त्रज्ञ निकोलाय त्रुबेत्स्कोय यांनी, त्यांच्या मृत्यूनंतर १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली आहे: परकी भाषा ऐकताना आपण ती या चाळणीतून ऐकतो आणि आपल्या भाषेला जे निरर्थक ते गळून जाते. पुढे अमेरिकेतील जेम्स फ्लेगी यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात याच विचाराला एक महत्त्वाची पुस्ती जोडली. मातृभाषेतील कोणत्याही ध्वनीशी ज्याचे साम्य नाही असा अगदी नवा ध्वनी प्रौढ विद्यार्थी पुढे-मागे आत्मसात करतो. परंतु जो ध्वनी आपल्या एखाद्या ध्वनीसारखा भासतो आणि तरी तोच नसतो, तो आपल्या खात्यात परस्पर जमा होतो, आणि त्याच्यात काही शिकावयाचे आहे अशी शंकाही मनाला शिवत नाही.

या निकषाने पाहिले, तर आपल्या शाळांतील उच्चारशिक्षणाचा रोख पुष्कळसा भलतीकडे गेलेला दिसतो. 'थिन' आणि 'देन' या शब्दांच्या आरंभी असलेले, जिभेचे टोक दातांपाशी ठेवून श्वास घासत सोडावयाचे दोन ध्वनी हे इंग्रजीचे मोठे गूढ म्हणून शिकविले जातात आणि त्यांसाठी विद्यार्थ्याला जीभ दातांबाहेर काढावयास लावतात. ते ध्वनी जगातील थोड्याच भाषांत आहेत हे खरे, आणि खुद्द इंग्रज मुलांनाही ते उशिरा साधतात. परंतु मराठी माणूस त्यांच्या जागी 'थ' आणि 'द' योजतो, इंग्रजी 'टी' आणि 'डी' च्या जागी 'ट' आणि 'ड' योजतो, आणि त्यामुळे 'थिन' व 'टिन' किंवा 'देन' व 'डेन' ही जोडपी त्याच्या मुखात कधी एक होत नाहीत. त्यांची जागा बदलली तरी अंतर राहते, आणि अर्थ समजण्यासाठी अंतरच लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने तर वैमानिकांच्या संभाषणासाठी तीन या आकड्याचा उच्चार 'ट्री' आणि हजाराचा 'टाउसंड' असा नियमानेच ठरवून दिला आहे. जेथे एका शब्दाच्या गैरसमजाने शेकडो प्राण जाऊ शकतात, तेथे हा ध्वनी वगळण्याची मुभा आहे, हे ज्या शिक्षकांनी एवढ्या एका ध्वनीवरून विद्यार्थ्यांना वर्गात खजील केले असेल, त्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

खरी हानी जेथे होते ती जागा कोणाच्या नजरेस येत नाही, कारण ती 'प', 'ट' आणि 'क' या आपल्या अत्यंत परिचित अक्षरांच्या आड दडलेली आहे. इंग्रजीत आघातयुक्त अवयवाच्या आरंभी हे ध्वनी आले की ओठ किंवा जीभ सुटल्यानंतर श्वासाचा एक स्पष्ट झोत बाहेर पडतो आणि त्यानंतर स्वराचा नाद सुरू होतो. हा मधला अवकाश किती असतो, ते ली लिस्कर आणि आर्थर एब्रमसन या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांत मोजून पाहिले, आणि त्या अकरांत हिंदीबरोबर मराठीही होती. इंग्रजी शब्दांच्या आरंभी तो सरासरीने सुमारे ६० ते ८० सहस्रांश सेकंद भरला. आपल्या अल्पप्राण 'प' आणि 'क' मध्ये तो त्याच्या एका लहान अंशाएवढाच असतो. आता तफावत कोठे पडते ते पहावे. आपण 'प' आणि 'ब' हे नादावरून वेगळे करतो. इंग्रज श्रोता शब्दारंभी ते मुख्यतः श्वासाच्या झोतावरून वेगळे करतो, आणि त्याच्या स्वतःच्या 'ब' मध्येही नाद पुष्कळदा ओठ सुटल्यावरच सुरू होतो. आपण शुद्ध, स्वच्छ, निःश्वास 'प' उच्चारून 'पेअर' म्हणतो, फळाचे नाव घेतो, आणि त्याला 'बेअर', म्हणजे अस्वल, ऐकू येते. आपण 'कोट' मागतो आणि त्याच्या कानी शेळीवाचक 'गोट' पडतो. शब्दारंभीचा हा श्वास आंतरराष्ट्रीय व्यवहारातील इंग्रजीसाठी आवश्यक आहे आणि 'थिन' मधला ध्वनी नाही, असाच निर्वाळा भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेंकिन्स यांनीही २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात दिला आहे.

नवलाची गोष्ट अशी की, ज्या भाषेत 'क' आणि 'ख', 'ट' आणि 'ठ' हे भेद पाळण्यातल्या मुलालाही कळतात, त्याच भाषेचे बोलणारे या ठिकाणी चुकतात. त्याचे कारण, माझ्या मते, रोमन लिपीत आहे. 'ख' साठी आपण 'के' पुढे 'एच' लिहितो. नुसता 'के' दिसला की डोळा कानाला हुकूम करतो की हा 'क' च आहे, आणि कान तो मुकाट्याने मानतो. ओठांपुढे कागदाची एक पातळ पट्टी धरून 'पिन' आणि नंतर 'स्पिन' म्हणावे. पहिल्या शब्दाला पट्टी थरथरली पाहिजे, दुसऱ्याला स्थिर राहिली पाहिजे. कारण 'स' च्या पाठीमागे आला की इंग्रजी 'प' आपला श्वास टाकून देतो आणि हुबेहूब मराठी होतो.

इंग्रजी 'टी' चे स्थान आपल्या दन्त्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' यांच्या मधोमध, वरच्या हिरडीच्या उंचवट्यावर आहे. आपल्याला तो बहुधा 'ट' वाटतो. पण 'तिकीट' या शब्दात मराठीने एकाच इंग्रजी ध्वनीला आरंभी 'त' आणि शेवटी 'ट' असे दोन न्याय दिले आहेत. जीभ मागे न वळविता हिरडीवर टेकविली की काम भागते. 'झेड' ची गोष्ट त्याहून सोपी, कारण 'जहाज' मधला दन्त्य 'ज' त्याच्या अगदी शेजारी आहे. मात्र हा 'ज' मराठीत सामान्यतः 'इ' आणि 'ए' यांच्यापूर्वी येत नाही, आणि म्हणून 'झू' नीट म्हणणारा विद्यार्थीही 'झिरो' आणि 'झेब्रा' येथे तालव्य उच्चाराकडे घसरतो.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार मराठी भाषेविषयी झालेला आहे, आणि तो मराठी माणसानेच केला आहे. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९५७ साली न्यूयॉर्कच्या 'वर्ड' या नियतकालिकात मराठी भाषकांच्या इंग्रजीवर स्वतंत्र निबंध लिहिला. लिस्कर आणि एब्रमसन यांची मोजमापेही पुढे त्याच नियतकालिकात आली. कण्ठ, तालू, मूर्धा, दन्त, ओष्ठ अशी उच्चारस्थानांची मांडणी आपण वर्णमालेबरोबरच पाठ करतो, आणि कोणत्या स्थानी कोणता प्रयत्न करावयाचा हे सांगितले तर मराठी विद्यार्थ्याला ते इतरांपेक्षा लवकर समजते. इतकी सिद्ध सामग्री हाताशी असताना उच्चाराचा तास केवळ अनुकरणावर चालावा, याची मला खंत वाटते.

प्रौढपणी कान पुन्हा तयार होतो का, या प्रश्नाचे उत्तर आशादायक आहे. जपानी भाषकांना इंग्रजी 'र' आणि 'ल' यांतील भेद ऐकू येत नाही, हे सर्वविश्रुत आहे. १९७१ साली गोतो या संशोधकांनी असे जपानी लोकही दाखवून दिले, की ज्यांना हे दोन ध्वनी तोंडाने बरोबर काढता येत होते, पण कानाने ओळखता येत नव्हते. जीभ नियमाने चालली होती आणि तिच्यावर देखरेख करणारे कोणी नव्हते. इंडियाना विद्यापीठातील डेव्हिड पिसोनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये अशा लोकांना अनेक भिन्न वक्त्यांच्या आवाजात 'रॉक' आणि 'लॉक' यांसारख्या जोड्या ऐकवून, प्रत्येक उत्तर बरोबर की चूक ते तत्काळ सांगण्याची पद्धत अवलंबिली, आणि त्यांची ओळख सुधारली. १९९७ मध्ये अॅन ब्रॅडलो यांनी पिसोनी आणि इतरांसह जपानी भाषकांवर केलेल्या प्रयोगात तर तालीम केवळ ऐकण्याची होती, तरी काही आठवड्यांनी त्या लोकांचे बोलणेही अधिक स्पष्ट झाल्याचे इंग्रजी भाषक श्रोत्यांनी ठरविले. आणि तीन महिन्यांनंतर पाहता ही सुधारणा टिकून होती. आवाजांचे वैविध्य हे यातले मर्म आहे. एकाच शिक्षकाचा आवाज ऐकणारा विद्यार्थी त्या शिक्षकाचा आवाज शिकतो, ध्वनी शिकत नाही.

२००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जात आहे. या वर्गांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, मुलांना 'म्हणा' असे सांगण्यापूर्वी काही दिवस त्यांना नुसते ऐकू द्यावे. 'वेस्ट–व्हेस्ट', 'पेअर–बेअर', 'कोट–गोट' अशा जोड्या स्त्री-पुरुषांच्या, लहानथोरांच्या, निरनिराळ्या देशांतील वक्त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून आणाव्यात, एकेक शब्द ऐकवून मुलाला दोन चित्रांपैकी एकावर बोट ठेवावयास सांगावे, आणि चुकले तर लगेच, न रागावता, बरोबर शब्द पुन्हा ऐकवावा. फळ्यावर शब्द लिहिण्याची घाई मात्र त्या दिवसांत करू नये.