पाठवलेला पेपर छापून यायला एवढा वेळ का लागतो?

जून महिन्यात पेपर पाठवला. 'मिळाला' असा ईमेल आला. त्यानंतर दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी जर्नलच्या वेबसाईटवर लॉगिन केलं की एकच शब्द दिसतो : 'अंडर रिव्ह्यू'. बेळगाव असो, पणजी असो, इंदूर असो की बडोदा, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ही तक्रार सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच.

विषय फक्त नाव छापून येण्याचा नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी साधारणपणे किमान ७ आणि प्राध्यापकपदासाठी किमान १० शोधनिबंध प्रसिद्ध झालेले असावे लागतात. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलेला असलाच पाहिजे, ही देशपातळीवरची सक्ती २०२२ च्या नियमांत निघाली. तरी विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. त्यामुळे मुलाखतीच्या तारखेला पेपर रांगेतच असेल, तर हातातोंडाशी आलेली संधी जाऊ शकते.

मग हा वेळ जातो कुठं? पेपरचा प्रवास चार टप्प्यांत बघितला तर उत्तर बरंचसं सापडतं.

पहिला टप्पा : संपादकाचं टेबल

पेपर आधी संपादकाकडे जातो. विषय जर्नलमध्ये बसतो का, मांडणी ठरलेल्या पद्धतीने आहे का, मजकूर कुठून उचललेला नाही ना, हे इथं तपासलं जातं. बहुतेक संपादक हे स्वतः प्राध्यापक असतात. तास, परीक्षा, पीएचडीचे विद्यार्थी सांभाळून ते हे काम करतात. कितीतरी पेपर इथूनच परत येतात. लेखकाला वाईट वाटतं, पण आठ महिन्यांनी नकार येण्यापेक्षा आठ दिवसांत आलेला बरा.

दुसरा टप्पा : वाचणारा माणूस शोधणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी जागा हीच. संपादकाला पेपर पसंत पडला, की त्या विषयातल्या बहुधा दोन जाणकारांकडे तो पाठवायचा असतो. हे रिव्ह्यूअर हे काम सहसा फुकट करतात, आणि त्यांचं नाव लेखकाला कळत नाही. साहजिकच 'सध्या वेळ नाही' असं उत्तर येतं, किंवा उत्तरच येत नाही. काही दिवस वाट बघून संपादक पुढच्याला विचारतो.

रिव्ह्यूअरांच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या पब्लॉन्स या संस्थेने २०१८ साली जगभरचा अहवाल काढला. त्यानुसार एक अभिप्राय मिळवण्यासाठी संपादकाला २०१३ मध्ये सरासरी १.९ जणांना विचारावं लागत होतं. २०१७ पर्यंत हा आकडा २.४ झाला. म्हणजे दोन अभिप्राय हवे असतील तर पाचेक जणांच्या दारात जावं लागतं. होकार मिळाल्यावरही काम लगेच होतं असं नाही. एकाचा अभिप्राय वेळेवर येतो, दुसरा परीक्षेच्या कामात अडकतो, आणि पेपर तिथंच थांबतो. एक म्हणाला 'छापा' आणि दुसरा म्हणाला 'नको', तर तिसरा शोधायचा.

सीमाभागातल्या विषयांची अडचण आणखी वेगळी. समजा, बेळगावच्या एखाद्या प्राध्यापिकेने मराठी आणि कन्नड लोकगीतांची तुलना केली. हा पेपर नीट वाचायला दोन्ही भाषा आणि लोकसाहित्य जाणणारा माणूस हवा. असे अभ्यासक मोजकेच असतात, त्यातले काही लेखिकेच्या ओळखीचे असतात, आणि ओळखीच्या माणसाकडे पेपर देता येत नाही. उरलेल्या दोघा-तिघांवरच सगळा भार पडतो.

तिसरा टप्पा : चेंडू लेखकाच्या कोर्टात

पहिल्या फेरीत पेपर जसाच्या तसा स्वीकारला जाणं दुर्मीळ. बहुतेक वेळा दुरुस्त्या सुचवल्या जातात : आकडेवारी पुन्हा तपासा, अमुक संदर्भ बघा, निष्कर्ष एवढा ठाम लिहू नका. लेखक कधी रागावतो, कधी सेमिस्टरच्या गडबडीत दोन-तीन महिने फाईल उघडतच नाही. हा वेळही एकूण विलंबात मोजला जातो, पण दोष मात्र जर्नलला दिला जातो.

चौथा टप्पा : अंकाची रांग

'स्वीकारला' असं पत्र आलं तरी काम संपत नाही. भाषेचं संपादन, मुद्रितशोधन, मग अंकात जागा. साधा हिशेब बघा. त्रैमासिकाचे वर्षाला ४ अंक, प्रत्येक अंकात ८ पेपर, म्हणजे ३२ जागा. वर्षभरात ४५ पेपर स्वीकारले गेले, तर १३ पेपर पुढच्या वर्षावर जाणारच. मोठी जर्नलं आता स्वीकारलेला पेपर आधी ऑनलाईन टाकतात आणि अंकाचं नंतर बघतात. छापील अंकावरच चालणाऱ्या छोट्या जर्नलला ते जमतंच असं नाही.

त्यात आणखी एक नियम आहे : एकच पेपर एकाच वेळी दोन जर्नलकडे पाठवायचा नाही. त्यामुळे एका ठिकाणी नकार आला, की पाटी कोरी करून पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात.

विषय बदलला की वेळ बदलतो

बो-ख्रिस्टर ब्यॉर्क आणि डेव्हिड सॉलोमन या अभ्यासकांनी २०१३ साली १३५ जर्नलांमधले २,७०० पेपर तपासले. पाठवल्यापासून प्रसिद्ध होईपर्यंत रसायनशास्त्रात सरासरी ९ महिने लागत होते, तर वाणिज्य-अर्थशास्त्रात १८ महिने. कला आणि सामाजिक शास्त्रांतही विज्ञानापेक्षा जास्त वेळ लागत होता. म्हणून शेजारच्या केमिस्ट्रीच्या सरांचा पेपर आधी आला, याचा अर्थ मराठीच्या मॅडमचं काम कमी दर्जाचं आहे असा होत नाही.

थांबण्याचा काही उपयोग होतो का?

कधी कधी मोठा होतो. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये केंब्रिजला फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता जाहीर केली. जगभर बातम्या झाल्या. पण हस्तलिखित तपासताना त्यात एक खिंडार सापडलं. ते बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडला, आणि पेपर १९९५ मध्ये छापून आला. तपासणी घाईत उरकली असती, तर चुकीची सिद्धता छापली गेली असती.

उलटं उदाहरण कोरोना काळातलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक पेपर 'लॅन्सेट'ने २२ मे २०२० रोजी प्रसिद्ध केला. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी तात्पुरती थांबवल्याचं सांगितलं. पण मूळ माहितीची खातरजमा होईना, आणि ४ जूनला पेपर मागे घ्यावा लागला. रिव्ह्यू झाला म्हणजे चूक सुटणारच नाही, अशी खात्री नाही. पण घाई झाली की चूक सुटण्याचा धोका वाढतो.

'सात दिवसांत छापून देतो'

खरा धोका इथं आहे. रांगेला कंटाळलेल्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर मेसेज येतो : पैसे भरा, आठवड्यात पेपर आणि सर्टिफिकेट घ्या. सात दिवसांत दोन रिव्ह्यूअर शोधणं, वाचून घेणं, दुरुस्त्या करणं जवळपास अशक्य. म्हणजे तिथं पेपर कुणी वाचतच नाही. काही ठिकाणी तर नावाजलेल्या जर्नलच्या नावाने बनावट वेबसाईट उभी केलेली असते.

आता जबाबदारीही वाढली आहे. मान्य जर्नलांची 'यूजीसी-केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्याचा निर्णय यूजीसीने जाहीर केला. जर्नल पारखण्याचं काम संस्थांवर आणि अभ्यासकांवर आलं. असा पेपर मुलाखतीत नामंजूर झाला, तर पैसे जातात, आणि एकदा छापलेलं संशोधन नवं म्हणून दुसरीकडे देताही येत नाही. वाचवलेले सहा महिने अशा वेळी फार महाग पडतात.

हातात काय आहे?

पाठवण्याआधी त्या जर्नलचे अलीकडचे पेपर उघडा. कधी मिळाला आणि कधी स्वीकारला, या तारखा बऱ्याचदा पहिल्याच पानावर असतात. त्यावरून अंदाज येतो. मांडणीचे नियम तंतोतंत पाळा. दुरुस्त्या आल्या की महिन्याच्या आत परत पाठवा, आणि प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर द्या.

तीन-चार महिने काहीच हालचाल दिसली नाही, तर पेपरचा क्रमांक लिहून संपादकाला नम्रपणे विचारायला हरकत नाही. फारच लांबलं, तर पेपर मागे घेता येतो. मात्र तसं लेखी कळवून, होकार आल्यावरच दुसरीकडे पाठवा. प्रमोशन किंवा मुलाखत डोळ्यांसमोर असेल, तर दीड-दोन वर्षं हातात ठेवूनच पेपर पाठवलेला बरा.

आणि एखाद्या जर्नलकडून तुम्हालाच रिव्ह्यूचा ईमेल आला, तर निदान 'जमणार नाही' एवढं तरी लगेच कळवा. त्या एका ओळीने कुणाचे तरी तीन आठवडे वाचतात.