पायी फिरणारा पाहुणा आणि कोल्हापूरची बाजारपेठ

कोल्हापुराला समुद्र नाही. तरीही येथील टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. 1940 च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर ती मिळाली. सातवाहनांच्या काळात रोमन जगाचा माल पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत उतरून घाट चढून इथवर येत होता, याचा हा पुरावा. पुढेही राजापूर बंदराशी अणुस्कुरा घाटाने आपली ये-जा राहिली. शहर बंदराचे नसले, तरी पेठ बंदराच्या व्यापारावर पोसलेली आहे.

कोचीसारख्या जुन्या बंदरात पाहुणे हाती नकाशा घेऊन वाटाड्याशिवाय गल्लीबोळ धुंडाळतात. कोल्हापुरात मात्र बहुतेक जण अंबाबाईचे दर्शन घेतात, रंकाळा पाहतात आणि गाडीत बसतात. पेठेतला कारागीर त्यांच्या नजरेसही पडत नाही. हा पाहुणा पायी चालू लागला, तर आपल्या धंद्याला बरकत येईल, असे आम्हांस वाटते.

वाट अगदी सोपी आहे. सुरुवात टाऊन हॉलपासून करावी. वस्तुसंग्रहालयाची वेळ मात्र आधी विचारून घ्यावी. जवळच दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1906 मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिची ही वास्तू. ज्या राजाने 1895 मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, त्यानेच आपल्या मुलांच्या शिक्षणाचीही सोय केली, हे पाहुण्याला आवर्जून सांगावे. पुढे बिंदू चौकातला जुना तट पाहून भवानी मंडपात यावे. तेथून चप्पल लाईन, मग कोल्हापुरी साजाची गुजरी, महाद्वार रोड आणि पापाची तिकटी करीत गंगावेश गाठावी. शेवट पंचगंगेच्या घाटावर. ब्रह्मपुरी तेथून जवळच. सावकाश चालले तरी एक सकाळ पुरते.

या वाटेवरचा खरा धडा गंगावेशच्या दूधकट्ट्यावर मिळतो. तेथे म्हैस गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत पिळली जाते. दूध निर्भेळ आहे, हे सांगायला कोणी मध्यस्थ लागत नाही. पेल्यातला फेसच ते सांगतो. वाटाड्याशिवाय फिरणारा पाहुणाही असाच असतो. तो ऐकून नव्हे, पाहून माल घेतो.

चपलेचेच घ्या. हिरडा-बाभळीच्या सालीने कमावलेले कातडे, खिळ्याविना चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण आणि हाताने विणलेली वेणी, यामागे किती मेहनत असते ते पाहुण्याला ठाऊक नसते. शेजारी रेक्झिनची नक्कल निम्म्या भावात टांगलेली असली, की तो तीच घेतो आणि अस्सल माल करणाऱ्याची मजुरी बुडते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला नाव न सांगता मांडल्या. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. नाव आपणच मोठ्याने सांगितले नाही, तर दुसरा त्यावर कमाई करतो.

म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांना आमच्या चार सूचना आहेत. एक, दुकानाच्या दर्शनी भागात एखादा कारागीर कामास बसवावा. दोन, अस्सल व नकली माल वेगळा मांडून त्यावर भाव आणि माहिती मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहावी. तीन, बिलाच्या मागे वर सांगितलेल्या वाटेचा साधा नकाशा छापावा. त्यात शेजारच्या दुकानाचेही नाव असू द्यावे. चार, गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला दलाली देऊ नये, कारण ती शेवटी कारागिराच्या मजुरीतूनच जाते.

या कामाला सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. एका गल्लीतल्या दहा दुकानदारांनी ठरवले, तर येत्या सुट्टीच्या हंगामापासून सुरुवात करता येईल. नकाशाचा खर्च दहा जणांत वाटला, तर कोणालाच जड जाणार नाही.