दोनदा पडलेली ओळ
(लेखांक ५)

२१ फेब्रुवारी २०१४ रोजी ॲपलने आयफोनसाठी आयओएस ७.०.६ तातडीने जारी केले. निमित्त होते एका जादा ओळीचे.

सफारी ब्राउझर बँकेच्या साइटशी जोडला जातो तेव्हा समोरचा सर्व्हर खरोखर बँकेचाच आहे का, हे त्याची डिजिटल सही तपासून ठरते. ही तपासणी करणाऱ्या फंक्शनमध्ये 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली ओळ वरच्या 'इफ'च्या अटीत होती. काही चुकले तरच ती चालायची. दुसरीला अटच नव्हती. पण 'इफ'ला महिरपी कंस नव्हते आणि दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवून लिहिलेल्या, त्यामुळे वाचणाऱ्याला दुसरीही अटीखालचीच वाटावी. प्रत्यक्षात दर वेळी तिथूनच उडी बसे, सहीची पडताळणी राहून जाई आणि तोवर चूक नोंदलेली नसल्याने फंक्शन 'सगळे ठीक' म्हणून मोकळे होई. त्याच वायफायवर बसलेल्या भामट्याला बँकेचे सोंग घेता येत होते. मॅकसाठीची दुरुस्ती आली ती २५ तारखेला.

अशी चूक पकडणे यंत्राला अवघड नाही. बिनअटीच्या 'गोटू'खालचा कोड कधीच चालणार नाही, एवढे ओळखले की झाले. क्लँग कंपायलरमध्ये ही सूचना देणारी सोय तेव्हाही होती, पण ती वेगळी चालू करावी लागे. पुढे २०१६ मध्ये जीसीसी ६ने फसव्या इंडेंटेशनची सूचना नेहमीच्या सूचनांमध्येच घातली.

मग सगळ्या तपासण्या चालू करून टाकल्या की काम भागले? फेसबुकचा अनुभव वेगळा आहे. तिथे 'इन्फर' हे साधन सुरुवातीला रात्री कोड तपासून दोषांची यादी तयार करी. ती यादी तशीच पडून राही. दुरुस्तीचे प्रमाण जवळपास शून्य. मग त्याच इन्फरचे शेरे नव्या बदलाच्या रिव्ह्यूमध्ये, त्या त्या ओळीखाली दिसू लागले आणि हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. कोड डोक्यात ताजा असताना आणि तो आपलाच आहे हे स्पष्ट असताना माणूस हात घालतो. जुन्या यादीला कोणी वाली नसतो.

खोट्या गजराचा त्रास मात्र उरतोच. गूगलच्या 'ट्रायकॉर्डर' या अशाच साधनात प्रत्येक शेऱ्याजवळ 'उपयोग नाही' असे बटण होते. एखाद्या तपासणीवर ते फार वेळा दाबले गेले, तर ती सुधारायची, नाहीतर बंद करायची, असा शिरस्ता.

ज्यांच्या टीममध्ये अजून लिंटर, म्हणजे कोड न चालवता चुका दाखवणारा तपासनीस, नाही, त्यांनी तो जुन्या लाखभर ओळींवर एकदम सोडू नये. नव्या बदलांपुरता आणि पाच-सात खात्रीच्या नियमांनिशी लावावा. नावे कशी असावीत, स्पेस किती सोडाव्यात हे वाद यंत्रावर सोपवले, तर रिव्ह्यू करणाऱ्याला मूळ विचार बरोबर आहे का, हे पाहायला वेळ मिळेल.

पुढील आठवड्यात: माणूस आणि यंत्र, दोघांच्याही नजरेतून दोन वर्षे निसटलेला 'हार्टब्लीड'.